मे महिन्यातलं ग्राफिक्स कार्ड

३० जानेवारी २०२५ रोजी एनव्हिडियाचं जीफोर्स आरटीएक्स ५०९० हे कार्ड विक्रीला आलं. भारतासाठी जाहीर झालेली त्याची सुरुवातीची किंमत होती २ लाख १४ हजार रुपये. एवढ्या पैशात आपल्याकडे चांगली बैलजोडी येते. बैलजोडी घेणारा माणूस पैसे मोजण्याआधी काय काय करतो, हे नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात जाऊन एकदा बघावं. तो दात बघतो, खूर बघतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावलं चालवतो. एवढं करूनही जाणत्याचं समाधान होत नाही. गाडीला जुंपल्याशिवाय बैल कळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

ग्राफिक्स कार्ड मात्र आपण दावणीला बांधलेलं बघूनच घेतो. खोक्यावरचे आकडे वाचतो, चाचण्यांमधले लांब-आखूड पट्टे बघतो, आणि ज्याचा पट्टा सर्वांत लांब ते चांगलं असं ठरवतो. ते आकडे खोटे नसतात. पण ते वीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत, अखंड विजेवर आणि बाजारातल्या सर्वांत वेगवान प्रोसेसरच्या जोडीने काढलेले असतात. तसं घर आपल्यापैकी किती जणांचं आहे?

म्हणून या प्रकरणापुरती आपण कार्डाची परीक्षा लिंबागणेशला घेऊ. बीड तालुक्यातलं, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागणारं, भालचंद्र गणपतीचं हे गाव. तिथली एक पत्र्याची खोली धरा. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर पारा चाळिशीच्या वर, खिडकीत कूलर आणि संध्याकाळी कमी-जास्त होणारं व्होल्टेज. या खोलीत जे कार्ड नीट चालेल ते पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बिनघोर चालेल. उलट मात्र खरं नाही.

आधी कार्डाचं काम थोडक्यात. पडद्यावरचं प्रत्येक चित्र ठिपक्यांचं असतं. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ठिपके, १४४०पी म्हणतात त्या पडद्यावर ३६ लाख ८६ हजार आणि फोरके पडद्यावर ८२ लाख ९४ हजार. खेळ चालू असताना या प्रत्येक ठिपक्याचा रंग, त्यावरची सावली, त्यावर पडलेला उजेड हे सगळं सेकंदाला साठ, शंभर, कधी दीडशे वेळा नव्याने काढावं लागतं. प्रोसेसर एकामागून एक गुंतागुंतीची कामं करण्यात हुशार असतो. ठिपक्यांचं काम वेगळं आहे. प्रत्येक काम सोपं, पण लाखो कामं एकाच वेळी. खुरपणीला एक पैलवान लावून भागत नाही, पंचवीस बाया एका ओळीत बसवाव्या लागतात, तसं हे आहे. ५०९० मध्ये असे २१,७६० छोटे गणक आहेत, त्याच मालिकेतल्या ५०८० मध्ये १०,७५२.

या ताकदीचा अंदाज यावा म्हणून आपल्याच मातीतलं एक उदाहरण घेतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली परम १०००० हा महासंगणक राष्ट्राला दिला. त्याची क्षमता १०० गिगाफ्लॉप्स होती, म्हणजे सेकंदाला शंभर अब्ज दशांश आकडेमोडी. ५०९० ची क्षमता १०० टेराफ्लॉप्सच्या थोडी वर सांगितली जाते, म्हणजे हजारपट! पण इथेच थांबून विचारावं की ही आकडेमोड कोणत्या प्रकारची? महासंगणकाचा आकडा दुप्पट अचूकतेच्या हिशोबाचा असतो आणि कार्डाचा हा आकडा साध्या अचूकतेचा. दुप्पट अचूकतेत हेच कार्ड साधारण १.६ टेराफ्लॉप्सवर येतं. तरीही ते परम १००००च्या सोळापट आहे, आणि ते टेबलाखालच्या डब्यात मावतं याचं मला अजूनही नवल वाटतं. पण हजारपट आणि सोळापट यांत फरक आहे, आणि तो फक्त आकड्यामागचा प्रकार न विचारल्याने पडतो.

हीच गोष्ट खोक्यावर आता ठळक छापल्या जाणाऱ्या ‘एआय टॉप्स’ या आकड्याची. आधीच्या मालिकेतल्या ४०९० ला १,३२१ आणि ५०९० ला ३,३५२. वाचणाऱ्याला वाटतं, अडीचपट वेग. प्रत्यक्षात पहिला आकडा आठ बिटांच्या संख्यांवर काढलेला आहे आणि दुसरा चार बिटांच्या. क्विंटल आणि मण यांची अशी थेट तुलना अडत्यानेही कधी केली नसेल. खेळांमध्ये या दोन कार्डांतला फरक फोरके पडद्यावर साधारण पंचवीस ते पस्तीस टक्क्यांचा आहे. तो कमी नाही, पण अडीचपटही नाही.

आता मुख्य परीक्षेकडे येऊ. कार्डाचं मोजमाप सेकंदाला किती चित्रं काढली यावर, म्हणजे एफपीएसवर होतं. हा आकडा सरासरीचा असतो आणि सरासरी इथे हमखास फसवते. मांजरसुंबा फाट्यावर उभं राहून एसटीची वाट बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. वेळापत्रकात तासाला चार गाड्या असतील आणि दर पंधरा मिनिटांनी एक आली तर प्रवास सुखाचा. त्याच चार गाड्या पंचावन्न मिनिटं वाट बघायला लावून एकामागे एक लागून आल्या, तरी कागदावर तासाला चारच. वेळापत्रक बरोबर असतं आणि उन्हात उभा असलेला माणूसही बरोबर असतो.

खेळात हेच मिलिसेकंदांत घडतं. एका सेकंदात शंभर चित्रं आली असं समजा. त्यातली ९५ चित्रं प्रत्येकी ८ मिलिसेकंदांत तयार झाली, म्हणजे ७६० मिलिसेकंद. उरलेल्या पाच चित्रांना प्रत्येकी ४८ मिलिसेकंद लागले, म्हणजे २४०. बेरीज बरोबर एक सेकंद, सरासरी शंभर एफपीएस, चाचणीतला पट्टा लांबलचक. पण त्या पाच वेळा खेळाचा वेग क्षणभर वीस-एकवीस एफपीएसवर आला होता. डोळ्याला तो धक्का जाणवतो, आणि नेमका समोरून शत्रू आला त्याच क्षणी जाणवतो, कारण तेव्हाच पडद्यावर सर्वांत जास्त काम असतं. याला पोरं ‘स्टटर’ म्हणतात. ज्या कार्डावर सरासरी ९० आहे पण चित्रं समान अंतराने येतात, ते या शंभरवाल्यापेक्षा चांगलं कार्ड आहे. मी डोळे झाकून तेच घेईन.

म्हणून सरासरीच्या शेजारी दुसरा आकडा बघायचा, ‘वन पर्सेंट लो’. सर्वांत उशिरा आलेली एक टक्का चित्रं बाजूला काढून त्यांचा वेग काढला की हा आकडा मिळतो. सरासरी १०० आणि वन पर्सेंट लो ७५ असेल तर कार्डाची चाल सरळ आहे. सरासरी १२० आणि वन पर्सेंट लो ४० असेल तर कुठेतरी अडतंय. ते कार्डातच अडतंय असं मात्र नाही. मेमरी अपुरी असेल, प्रोसेसर मागे पडत असेल किंवा खेळच कच्चा लिहिलेला असेल. हे मोजायला कॅपफ्रेमएक्स आणि इंटेलचं प्रेझेंटमॉन ही साधनं फुकट मिळतात. एक काळजी घ्या. हा आकडा काढायची प्रत्येक साधनाची रीत थोडी निराळी असते, त्यामुळे एका साधनाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका.

मोजायला खेळ कोणता घ्यावा? सायबरपंक २०७७ सगळे घेतात, कारण त्यात चाचणीची सोय आहे आणि उजेडाचे किरण एक-एक करून शोधण्याचा पर्याय चालू केला की भल्याभल्या कार्डांना घाम फुटतो. तो जरूर चालवा. पण तुम्ही रोज खेळता तो खेळही चालवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला ‘राजी’ हा खेळ घ्या. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळालं होतं. त्यातले राजवाडे आणि भित्तिचित्रं डोळ्यांचं पारणं फेडतात, आणि हे सगळं अगदी मध्यम कार्डावरही छान चालतं. ज्याला असेच खेळ आवडतात त्याने दोन लाखांच्या कार्डासाठी जीव टाकू नये.

गेल्या काही वर्षांत एफपीएसच्या आकड्यात आणखी एक गुंता झाला आहे, आणि माझ्या मते ग्राहकाची सर्वांत जास्त दिशाभूल तिथेच होते. कार्ड आता सगळी चित्रं स्वतः काढत नाही. डीएलएसएस नावाच्या तंत्राने ते लहान चित्र काढून मोठं करतं. फोरके पडद्यावर ‘क्वालिटी’ पर्याय निवडला तर प्रत्यक्षात १४४०पीचं चित्र काढलं जातं, ‘परफॉर्मन्स’ निवडला तर फुल एचडीचं, आणि उरलेले ठिपके शिकवून तयार केलेलं एक गणिती प्रतिमान भरतं. हे काम आता इतकं सफाईदार झालं आहे की मी स्वतः ‘क्वालिटी’ नेहमी चालू ठेवायला सांगेन.

‘फ्रेम जनरेशन’चा प्रकार वेगळा आहे. त्यात खऱ्या दोन चित्रांच्या मध्ये कार्ड कल्पनेने चित्रं घालतं, ५० मालिकेत तर तीन-तीन. खरी ३० चित्रं असली की पडद्यावर १२० दिसतात. पण तुम्ही माऊस हलवला, कळ दाबली, तर खेळाला ते कळतं ते त्या तीस खऱ्या चित्रांच्याच वेगाने. उलट मधलं चित्र काढायला पुढचं खरं चित्र हातात असावं लागतं, म्हणून ते क्षणभर रोखून धरलं जातं आणि हाताला जडपणा येतो. चित्रपट बघावा तसं बघणाऱ्याला फरक पडत नाही. खेळणाऱ्याला पडतो.

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरच्या ५०७० कार्डात ४०९० ची कामगिरी मिळेल असं सांगितलं. ४०९० हे ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५९९ डॉलरला आलेलं कार्ड. ५०७० ची ही कामगिरी एआयशिवाय शक्य नव्हती, असंही त्यांनी तिथेच म्हटलं. त्या वाक्याचा अर्थ हा की एकात जास्त कल्पित चित्रं मोजली आणि दुसऱ्यात कमी. स्वतः काढलेली चित्रं तेवढी मोजली तर ५०७० बरंच मागे राहतं. मेमरी तर निम्मीच, २४च्या जागी १२ जीबी. माझा नियम साधा आहे. कार्ड तपासताना फ्रेम जनरेशन बंद ठेवावं. बंद असताना साठच्या आसपास मिळत असतील तर मग खुशाल चालू करावं, चांगलं वाटतं. तीसच मिळत असतील तर ते कार्ड त्या कामाला कमी पडतं, पडद्यावर कितीही आकडा दिसो.

पडदा आणि प्रोसेसर यांबद्दल दोनच गोष्टी. साठ हर्ट्झचा फुल एचडी पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. त्याला ५०९० जोडणं म्हणजे उसाच्या कारखान्याचं इंजिन रसवंतीला लावणं. आणि कार्ड चालू असताना त्याचा वापर किती टक्के दिसतो ते बघा. ९७-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने ओढतंय. ६० टक्क्यांवर घुटमळत असेल तर ते प्रोसेसरची वाट बघतंय. जोडीतला एक बैल दांडगा आणि दुसरा म्हातारा असला की गाडी म्हाताऱ्याच्याच चालीने चालते.

मेमरीचा हिशोबही सोपा आहे. आज महागडं म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डात १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. मेमरी भरली की कार्ड मंद होत नाही, ते अडखळतं, आणि वर सांगितलेला वन पर्सेंट लो कोसळतो.

आता कार्ड हातात घ्या आणि वरच्या कडेला असलेला विजेचा प्लग जवळून बघा. साधारण अंगठ्याएवढ्या रुंदीत सोळा टाचण्या असतात. बारा मोठ्या, चार बारीक. मोठ्या बारांपैकी सहांतून वीज आत येते आणि सहांतून परत जाते. ५०९० ची भूक ५७५ वॅट, दाब १२ व्होल्ट. ५७५ला १२ने भागा, जवळपास ४८ अँपिअर. ते सहा टाचण्यांत वाटा, प्रत्येकीवर आठ अँपिअर.

आठ अँपिअर म्हणजे किती हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला सोपं जातं. विहिरीवरची पाच एचपीची थ्री फेज मोटार पूर्ण भारावर एका फेजला साधारण साडेसात अँपिअर घेते. म्हणजे मोटारीच्या जाड केबलमधून जेवढा प्रवाह जातो, त्याहून थोडा जास्तच या सुईएवढ्या टाचणीतून जातो. मोटार जळाली की रिवाइंडिंगवाला पहिला प्रश्न काय विचारतो? लग घट्ट होती का? सैल जोडणीत स्पर्श कमी, विरोध जास्त आणि तिथेच उष्णता. स्टार्टरमधला काळा पडलेला, वितळलेला कोपरा ज्याने पाहिला आहे त्याला या कार्डांच्या प्लगची कहाणी नवी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० बाजारात आल्यावर काही दिवसांतच वितळलेल्या प्लगांची छायाचित्रं यायला लागली. प्लग पूर्ण आत न बसणं हे एक मोठं कारण निघालं. २०२३ मध्ये या जोडणीची रचना सुधारली, त्यातल्या बारीक टाचण्या आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाने भार घेऊच नये. तरी ५०९० च्या बाबतीतही असे प्रकार पुढे आले. सहा टाचण्यांपैकी दोघींचा स्पर्श बिघडला तर त्यांचा वाटा उरलेल्या चौघींवर जातो, आणि ते वेगळं मोजण्याची सोय यांतल्या बहुतेक कार्डांत नाही. मला हा रचनेतलाच दोष वाटतो. एवढ्या किमतीच्या वस्तूत तो नसायला हवा होता.

तोवर आपण करायचं ते एवढंच. प्लग टक् आवाज येईपर्यंत दाबावा आणि मग टॉर्च लावून फट राहिलेली नाही ना बघावं. प्लगच्या तोंडाशी वायर लगेच वाकवू नये, निदान तीन-चार सेंटीमीटर सरळ जाऊ द्यावी. पॉवर सप्लायसोबत आलेलीच केबल वापरावी. तासभर खेळून झाल्यावर केबलला बाहेरून हात लावून बघावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. प्रत्येक वायरचा प्रवाह मोजायचा असेल तर गावातल्या मोटारवाल्याकडचा क्लॅम्प मीटर बहुधा उपयोगी पडणार नाही. तो घरच्या एसी विजेचा असतो आणि इथे डीसी आहे. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा मागून घ्यावा लागतो.

आणि मग येतो मे महिना. कार्डाचे पंखे कार्ड थंड करतात असं आपण म्हणतो, पण ते फक्त कार्डातली उष्णता खोलीच्या हवेत टाकतात. त्यामुळे कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर बसवलेलं असतं. चाचणी करणाऱ्याच्या खोलीत २४ अंश होते आणि कार्ड ६६ वर स्थिरावलं असं समजा. फरक ४२ अंशांचा. पंख्यांचा वेग तोच राहिला तर हा फरक जवळपास कायम राहतो. लिंबागणेशच्या खोलीत ४१ अंश असतील तर तेच कार्ड ८३ वर जाईल. त्याच्या आसपास कार्ड स्वतःला जपायला लागतं. आधी पंखे जोरात फिरवतं, मग वेग उतरवतं. म्हणजे चाचणीत ऐकलेलं ‘शांत’ कार्ड आपल्याकडे घोंघावतं आणि चाचणीतला वेगही दुपारी मिळत नाही. शिवाय ५७५ वॅट म्हणजे हजार वॅटच्या इस्त्रीच्या निम्म्याहून जास्त उष्णता, ती तुमच्याच खोलीत तासन्‌तास पडत राहते. पत्र्याच्या खोलीत तीन तास खेळल्यावर कार्ड आणि माणूस दोघेही एकमेकांना तापवत बसलेले असतात.

यासाठी परीक्षा थंड सकाळी घेऊ नका, तीन वाजता घ्या. थ्रीडीमार्क या चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये एकच चाचणी लागोपाठ वीस वेळा चालवण्याची सोय आहे. सर्वांत वाईट फेरी सर्वांत चांगल्या फेरीच्या ९७ टक्क्यांवर राहिली तर कार्ड पास. पहिल्या फेरीचा आकडा विसरून जा आणि विसाव्या फेरीचा लिहून ठेवा, तोच तुमच्या घरातला खरा आकडा. त्या वेळी एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये मेमरीचं तापमानही बघा, ते चिपच्या तापमानापेक्षा वर असू शकतं. ४० मालिकेत चिपच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमानही दिसायचं. ५० मालिकेत ते दाखवणं बंद झालं आहे. ही सोय काढून घ्यायला नको होती.

उपाय फुकट आहे आणि फार कमी लोक तो करतात. आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिटची पट्टी असते. ती शंभरवरून पंचाहत्तरवर आणा. ४०९० वर अशी पाव वीज कमी केली तर वेग साधारण पाच-सात टक्क्यांनीच उतरतो, असं अनेकांनी मोजून दाखवलं आहे, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी कंपन्या वीज अक्षरशः ओततात. शंभर एफपीएसच्या जागी चौऱ्याण्णव मिळाले तर डोळ्याला कळत नाही. शंभर-सव्वाशे वॅट उष्णता कमी झाली तर मात्र खोलीला लगेच कळतं. विकत घेण्याआधी चाचण्या वाचताना पूर्ण विजेवरचा आकडा सगळेच देतात. कमी विजेवर कार्ड कसं वागतं ते सांगणारी चाचणी शोधा, आपल्या कामाची तीच.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार सर्किटवर वाळले की पांढरा थर उरतो आणि तो विजेला वाट करून देतो. धूळ आणि कापसाचे तंतू पंख्यामागच्या पत्र्यांत अडकतात. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा आणि मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका.

विजेचा हिशोब पटकन. कार्ड आणि बाकीचं मशीन मिळून ८०० वॅट धरा. रोज तीन तास म्हणजे २.४ युनिट, महिन्याला ७२. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटच्या पुढे दर चढतो. त्यामुळे घराचं मीटर आधीच नव्वदीत असेल तर ही ७२ युनिटं जवळपास सगळी महाग टप्प्यात पडतात. व्होल्टेजचं म्हणाल तर चांगला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत निभावून नेतो. पण दाब उतरला की प्रवाह वाढतो. २३० व्होल्टला साडेतीन अँपिअर घेणारं मशीन १७० ला पावणेपाच घेतं. म्हणून बारीक वायरची एक्स्टेन्शन पट्टी इथे चालत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग करून घ्या, कार्ड नंतर. यूपीएस घेतला तर प्युअर साईन वेव्हचा घ्या, आणि लाईट गेल्यावर तो खेळायला नसून मशीन नीट बंद करायला आहे हे लक्षात ठेवा. ५०९० साठी कंपनी हजार वॅटचा पॉवर सप्लाय सांगते. तोही खर्च कार्डाच्याच किमतीत धरायचा.

मग घ्यायचं काय? ५०८० ची भारतातली सुरुवातीची किंमत १ लाख ७ हजार होती, ५०९० च्या बरोबर निम्मी. फोरकेवर ५०९० हे ५०८० च्या साधारण दीडपट चालतं. दुप्पट पैसे, दीडपट वेग. ५०७० टीआय ८० हजारांपासून आलं. तेही १६ जीबीचं, ५०८० पेक्षा साधारण पंधरा टक्के मागे आणि भूक ३०० वॅटची. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी मार्च २०२५ मध्ये त्याच्याच आसपासच्या ताकदीने, १६ जीबी मेमरी आणि ३०४ वॅट घेऊन आलं. बाजारातले भाव या जाहीर किमतींच्या खाली-वर होत राहतात, म्हणून घेण्याच्या दिवशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाचा भाव आणि ऑनलाइन भाव दोन्ही विचारावेत.

जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर त्याचा इतिहास विचारा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, त्यावरचं मायनिंग, म्हणजे कार्डावर आकडेमोड करून ते चलन कमावणं, बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली ढीगभर कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे आणि मेमरीवरचे उष्णता वाहणारे पॅड थकलेले असू शकतात. विकणारा समोर बसून वीस फेऱ्यांची चाचणी चालवू देत नसेल तर उठून यावं.

लिंबागणेशच्या त्या पत्र्याच्या खोलीत, १४४०पीच्या पडद्यासाठी, मी साधारण ३०० वॅटच्या फार वरचं कार्ड लावणार नाही. तिथे ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटी, पॉवर लिमिट खाली आणून, आणि उरलेल्या पैशात चांगला पडदा, अर्थिंग आणि छताखाली थर्माकोलचा थर. ५०९० त्याने घ्यावं ज्याच्याकडे फोरके पडदा आहे, खोलीत एसी आहे, किंवा जो ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमवर किंवा एआयच्या प्रतिमानांवर काम करून त्या ३२ जीबी मेमरीतून कमाई करतो.

दुकानदाराकडून बदलून मिळण्याची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते, म्हणून कार्ड आल्या दिवशीच दुपारी तीनला जुंपा. आणि पैसे देण्याआधी बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या, खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी तो स्वतः ताडून बघा.